चाळीस सेकंदांची अळी

"आधी अळीले चालतानी पाह्य, मंग तिचं चित्र काढ. घाई नोको करू. तिचा मांगचा भाग पयले हालते, तोंड सगळ्यात शेवटी."

हे माझ्या जाईआत्याचं म्हणणं. अंजनगाव सुर्जीच्या पुढे एस.टी. एका फाट्यावर सोडून देते आणि तिथून पुढचं ज्यानं त्यानं पाहायचं असतं, अशा गावात तिची चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. अंगणात मागच्या साली उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. त्यातलं एक वाळकं बोंड आत्यानं फोडलं आणि आतली गुलाबी अळी माझ्या तळहातावर ठेवली. मी ओरडले नाही. माझा आवाज मुळातच लहान आहे, ओरडले तरी कुणाला कळत नाही.

मी अमरावतीला एका शाळेत चित्रकला शिकवते. तळहातावर अळी घ्यायची वेळ माझ्यावर का आली, ते थोडक्यात सांगते. आदल्या वर्षी बोंडअळीनं वऱ्हाडभर कापूस खाल्ला होता. बाहेरून बोंडं हिरवीगार, आतून नुसता भुसा. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातले. म्हणून या वर्षी वेळेवर जागं व्हायचं असं कृषी खात्यानं ठरवलं आणि आमच्या शाळेला पत्र आलं: गावोगाव गाडीवरून दाखवायला बोंडअळीवर चाळीस सेकंदांचं चलचित्र हवं. आमच्या मुख्याध्यापकांना कुठल्याही पत्राला 'हो' म्हणायची सवय आहे. त्यांनी कळवून टाकलं की आमच्या चित्रकलेच्या बाईंनी सुट्टीत संगणकावर चित्रं हलवण्याचा कोर्स केला आहे.

कोर्स केला होता हे खरं. तीन आठवड्यांचा. शेवटच्या दिवशी मी चेंडू उडवून दाखवला होता आणि टाळ्याही पडल्या होत्या.

"साहेब, मला फक्त चेंडू उडवता येतो," मी खात्याच्या कार्यालयात जाऊन स्पष्ट सांगितलं.

साहेबांनी जरा विचार केला. "मग चेंडू लांब करा," ते म्हणाले.

इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी, मोठेपणा म्हणून नाही, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी रोज सकाळी अंघोळ झाली की त्रिशरण-पंचशील घेते. जीव घेणार नाही, न दिलेलं घेणार नाही, वाईट चालीनं वागणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही. म्हणायला दोन मिनिटं लागतात, बाकीचा दिवस त्यांना सांभाळण्यात जातो. पौर्णिमेला पाचाची आठ होतात. वीस वर्षांत यातलं काही फारसं अडलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईच्या आयुष्यात पापाला तशी संधी कमीच असते. ही अळी आली आणि एकेका शीलाची परीक्षा सुरू झाली.

काम वरवर सोपं होतं. अळी पानावरून देठावर, देठावरून फांदीवर आणि फांदीवरून फुलात शिरते. ती आत शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. ही डोमकळी ओळखून वेळेवर तोडली तर पुढचं पीक वाचतं. अळी एकदा बोंडात गेली की मग बाहेरून ब्रह्मदेवालाही दिसत नाही. म्हणजे सगळा खेळ फुलं लागायच्या आठ-दहा दिवसांचा.

मी पडद्यावर एक वळणावळणाची रेघ काढली आणि संगणकाला सांगितलं की अळीनं या रेघेवरून जायचं. ती गेली. ओट्यावरून लाटणं घरंगळत जावं तशी गेली.

आमचे हे, देवमन, पोस्टातून निवृत्त झाले आहेत. सगळ्या प्रश्नांवर त्यांचं एकच धोरण आहे: पत्र आपण पोचवायचं, आतला मजकूर वाचायचा नाही. चहाचा कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "लाटण्याले फुलात काहून पाठवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी तर वळणावर अळी उलटी झाली. पोट वर, पाय आकाशाकडे, आणि तशीच शांतपणे फुलात शिरली. वरच्या मजल्यावरच्या बेबीताई वाटीभर विरजण मागायला आल्या होत्या. त्या विरजण विसरून पाहत उभ्या राहिल्या.

"मेली वं ते," त्या म्हणाल्या. "मेलेल्या अळीले कोणता शेतकरी भेते?"

"मेली नाही ताई, रस्ता वळला की ती वळत नाही."

"मंग तिले नरम कर ना. पीठ घट्ट झालं तं आपण काय करतो?"

कोर्सच्या वहीत याचा उपाय होता. आकृती लवचिक करायची असेल तर तिच्या अंगात जागोजागी टाचण्या टोचायच्या, मग एकेक टाचणी हलवली की अंग वाकतं. हे मी वाचलं आणि तिथंच थांबले. पहिलंच शील. पडद्यावरची अळी जीव आहे की नाही? यांना विचारलं तर म्हणाले, "तू काढली, तूच ठरव." बेबीताई म्हणाल्या, "एवढा इचार मी नवरा करतानी केला नव्हता." शेवटी रविवारी विहारात भन्तेजींना विचारलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टोचताना वेदना कुणाला होते?"

"मला."

"मग हळू टोचा," ते म्हणाले.

मी हळू टोचल्या. पाच टाचण्या. अळी लवचिक झाली, पण भलतीच. डोकं फुलापाशी पोचलं तरी शेपटी पानावरच राहायची आणि मधलं अंग परकराच्या इलॅस्टिकसारखं ताणलं जायचं. मग शेपटी एकदम सुटायची आणि सगळी अळी फुलात फटकन आदळायची. बेबीताईंच्या नातवंडांनी हे सात वेळा पाहिलं आणि आठव्यांदा पाहायला ती मित्र घेऊन आली.

म्हणून मी आत्याकडे गेले होते. तळहातावरची अळी चालायला लागली तेव्हा मला कळलं की मी सगळंच उलटं करत होते. मी डोकं ओढत होते. अळी मागून चालते. शेवटचा भाग आधी सरकतो, त्याची एक लहानशी लाट पाठीवरून पुढं येते, आणि सगळ्यात शेवटी डोकं, जणू काही आत्ताच आठवलं असं, एक पाऊल पुढं पडतं.

"समजलं काय?" आत्या म्हणाली.

"समजलं."

"कवा येते मंग तुयं चित्र आमच्या गावात? गेल्या साली गावात कोणालेच डोमकळी वयखू आली नाई. मी तं फूल लय सुंदर दिसते म्हून देवाच्या फोटोले वायलं." तिथं देव म्हणजे बुद्ध आणि बाबासाहेब. "यंदा पाऊस उशिरा, पेरणी उशिरा. पोळ्याच्या आगंमागं फूल लागते. पोळ्याच्या आत आली तं उपेग. नाई तं मंग तू आपली चायले ये."

"पोळ्याच्या आत आणते, आत्या."

"शब्द देऊन राहिली काय?"

खोटं बोलायचं नाही म्हणजे नुसतं झालेलं खोटं सांगायचं नाही एवढंच नसतं, पुढच्याबद्दल दिलेला शब्दही खोटा पडू द्यायचा नसतो. "शब्द," मी म्हणाले.

आत्यानं ती अळी बोंडासकट स्टीलच्या एका छोट्या डब्यात घातली, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली आणि डबा मला दिला. "घरी नेऊन पाह्य. डबा परत आणजो मात्र, मायच्या घरचा हाय."

तो डबा माझ्या टेबलावर राहायला आला. आता प्रश्न असा की काम झाल्यावर अळीचं काय करायचं? मारायची नाही. बाहेर सोडायची तर तिचा पतंग होणार, तो अंडी घालणार, आणि अमरावतीच्या चित्रकलेच्या बाईनं जगवलेल्या अळीची लेकरं कुणाच्या तरी पऱ्हाटीत जेवणार. बेबीताई रोज येऊन म्हणायच्या, "दे इकडे, मी चप्पल घालून येतो." मी रोज नाही म्हणायचे. यांनी डब्याकडे पाहून एवढंच म्हटलं, "भाडेकरू केवळ्याले पडला?"

चाल कळली पण माझा संगणक लाटेचं नाव काढलं की दम टाकायचा. टाचण्या बारा झाल्या आणि तो बंदच पडला. त्यात माझं सॉफ्टवेअर सात दिवस फुकटवालं, ते संपलं. बेबीताईंच्या जावयानं एक फुकटाचं आणून देतो म्हटलं, चोरीचं. दुसरं शील. मी हात जोडले. मग मला अकोल्याचे जहीरभाई आठवले. आधी ते अमरावतीला असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांचं चित्रीकरण करत. आता अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, लग्नाच्या फिल्मा जोडायचं त्यांचं दुकान आहे.

मी गेले आणि बसायच्या आधी विचारलं, "जहीरभाई, राग मानू नका, पण तुमचं सॉफ्टवेअर चोरीचं तर नाही ना?"

जहीरभाईंचा चेहरा पडला. "मॅडम," ते म्हणाले, "बावीस साल धंदा करून राहिलो. या गल्लीत मैं अकेला हूँ जो हर महिने किस्त भरतो. मोहल्ले में लोग पागल बोलते. आणि आप भी?"

आतून त्यांच्या पत्नी अकीलाभाभी म्हणाल्या, "मैं भी बोलती हूँ."

मी माफी मागितली. जहीरभाईंनी माझी अळी पाहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "रस्ता दिया आपने. चाल नहीं दी."

"चाल मला माहीत आहे, रस्ता नीट होत नाही."

"तो रस्ता मेरा ले लो!" त्यांनी एक लग्न उघडलं. अकीलाभाभींची भाची माहेनूर हिचं इमरानशी लग्न ठरलं होतं आणि वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या मेजवानीला, मोठ्या पडद्यावर फिल्म दाखवायची होती. दोघांच्या नावांभोवती गुलाबाच्या पाकळ्या एका सुरेख वळणदार वाटेनं फिरत होत्या. कुठंही झटका नाही, कुठंही उलटणं नाही. बावीस वर्षांचा हात होता तो. जहीरभाईंनी तीच वाट उचलून माझ्या पानावर ठेवली, मी माझी बारा टाचण्यांची लाट तिच्यावर बसवली, आणि अळी चालली. आधी मागचा भाग, मग पाठ, मग डोकं. वळली. फांदीवर चढली. फुलाशी क्षणभर थांबली. आत गेली. पाकळ्या मिटल्या.

अकीलाभाभींनी पदर नाकाला लावला. "या अल्लाह, कित्ती घिनौनी हे," त्या म्हणाल्या. आयुष्यात माझ्या कुठल्याही चित्राला मिळालेली ती सर्वोत्तम दाद.

अशी अळी घेऊन मी कार्यालयात गेले. साहेब, त्यांच्याखालचे साहेब आणि मोहोडबाबू असे तिघं पाहायला बसले. मोहोडबाबू म्हणजे तिथले लिपिक. कुठलाही कागद त्यांच्यापासूनच हलतो.

पहिली हरकत अशी निघाली की अळी उजवीकडून डावीकडे जाते, आणि प्रगती डावीकडून उजवीकडे असते. मी म्हटलं, ही प्रगती नाही, ही कीड आहे. त्यावर टिपण लिहिलं गेलं. दुसरी हरकत खालच्या साहेबांची: अळी दुष्ट वाटत नाही, तिला भुवया द्याव्यात.

"ती दुष्ट नाही," मी म्हणाले. "तिला भूक लागलीय."

तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी पाण्याचा घोट घेतला.

मग निघाला रंग. खात्याच्या फलकावर जो गुलाबी आहे तो निराळा, माझ्या अळीचा निराळा. मी सांगितलं की मी खरी अळी पाहून रंग घेतला आहे, डबा घरी आहे. मोहोडबाबू म्हणाले, "मॅडम, खरी अळी मंजूर नाई, फलकावरची मंजूर हाय."

शेवटी कामगंध सापळे. या सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग त्या वासानं येतात आणि अडकतात. ते मी पाच सेकंदांत दाखवलं होतं. साहेबांना समजलं नाही. "हे नर कशासाठी येतात?" त्यांनी विचारलं. खोलीत मी एकटी बाई. तिसरं शील काही मोडत नव्हतं, पण ते दारात उभं राहून ऐकत होतं असं मला वाटलं. "भेटायला," मी म्हणाले. साहेबांनी मान हलवली आणि 'भेटीचे दृश्य संयत असावे' असं लिहून घेतलं.

रंग बदलून आणायला सात दिवस मिळाले. मधे एकच रविवार, आणि तो निघाला श्रावण पौर्णिमेचा. माझी आठ शीलं. त्या दिवशी बारानंतर जेवायचं नाही, आणि नाच, गाणं, खेळ-तमाशे पाहायचे नाहीत. आता अळीची लयदार चाल हा नाच धरायचा की नाही? यावर आमच्या जिन्यात बराच ऊहापोह झाला. बेबीताईंचं मत होतं की दोन पायांवर केला तरच नाच. यांचं मत होतं की शंका आली तर पाहू नये. मला यांचं पटलं. मी ठरवलं की काम करायचं, पण पडद्यावर हलणाऱ्या अळीकडे पाहायचं नाही.

अकोल्याला पोचले तेव्हा जहीरभाई शादीच्या हॉलवर निघालेच होते. त्यांनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, कुछ नहीं करना. दोन्ही फिल्म एकच फाइल में हे. वरून तिसरी ओळ, आपकी अळी. उस पे नवीन रंग की अळी बदली कर दो. फिर दो बटन दाबा, दोन्ही फिल्म अपनेआप तयार होऊन जातील, आपकी भी, मेरी भी. मी संध्याकाळी घेऊन जाईन."

मी वरून तिसरी ओळ मोजली. नव्या रंगाची अळी तिथं बदलली. दोन बटणं दाबली. आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर एका सिमेंट विक्रेत्याचं कॅलेंडर होतं. ते मी दोन तास वाचलं. मागे काहीतरी चालू असल्याचं जाणवत होतं, पण मी मान वळवली नाही. मनात म्हटलं, वीस वर्षांत पहिल्यांदा खरा मोह आला आणि आपण टिकलो. ते समाधान मला मंगळवारपर्यंत पुरलं.

मंगळवारी वलीमा झाला आणि बुधवारी सकाळी अकीलाभाभींचा फोन आला.

पौर्णिमेच्या आदल्या रात्री जहीरभाईंनी इमरान आणि माहेनूरची नावं नवीन घेऊन सगळ्यात वर ठेवली होती. त्यामुळे जी ओळ तिसरी होती ती चौथी झाली होती, आणि तिसऱ्या जागी आल्या होत्या पाकळ्या. चारशे पाहुण्यांसमोर, बारा फुटी पडद्यावर, शहनाईच्या सुरात, नवरा-नवरीच्या नावांभोवती बत्तीस बोंडअळ्या फिरल्या. आधी मागचा भाग, मग पाठ, मग डोकं.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं. आवाज फोनमध्ये पोचला की नाही कोण जाणे.

"इमरान के बडे अब्बा उठे. अंजनगाव के हैं, कपास का काम हे उनका. उठ के बोले, 'अरे, ये तो बोंडअळी हे!' फिर बोले, रुको, दुबारा चलाव. तीन बार चलाया, मॅडम. तीन बार. बिर्याणी थंडी हो गई."

"आणि माहेनूर?"

"हंस हंस के उसका काजल बह गया. उसकी सास नहीं हंसी." मग त्या म्हणाल्या, "बडे अब्बा बोलके गए, जिसने भी बनाया, चाल बिलकुल सही हे."

मी अकोल्याला जाऊन दोघांची माफी मागितली. जहीरभाई म्हणाले, "मॅडम, गलती माझी. पर आप एक बार मागे वळून पाहिलं असतं तर..." मी म्हटलं, पौर्णिमा होती. ते म्हणाले, "हां, वो भी हे." पाकळ्यांची खरी फिल्म त्यांनी पुन्हा करून माहेनूरला दिली. सासूबाईंनी ती पाहिली की नाही, मला माहीत नाही.

पण माझ्या लक्षात उशिरा आलं की नवा रंग लग्नात गेला म्हणजे त्याच दिवशी दुकानातूनच कार्यालयात पाठवलेल्या फिल्ममध्ये जुनाच राहिला. मी धावत गेले. मोहोडबाबू हसतमुखानं भेटले. "मॅडम, मंजूर! साहेबांनी पायलं. म्हणाले, आता कसा बरोबर गुलाबी झाला."

इथं मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. गाडी निघाली असती, गावं झाली असती. पण चौथं शील गप्प बसण्याबद्दल काय म्हणतं, यावर मी कार्यालयाच्या जिन्यात उभी राहून विचार केला, आणि वर जाऊन साहेबांना सांगितलं की हा तोच जुना रंग आहे.

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "बाई, हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच दुःख होतं.

मग मंजुरी रद्द झाली. सुधारित रंगाला सुधारित मंजुरी हवी. कागद पुन्हा मोहोडबाबूंपासून निघाला. तो कागद मी रोज जाऊन पाहत होते. आधी मागचा भाग हलायचा, त्याची लाट टेबलाटेबलावरून पुढं सरकायची. डोकं काही हलत नव्हतं. एव्हाना माझ्या डब्यातली अळी कोशात गेली, कोशातून राखी रंगाचा एक पतंग निघाला, आणि आठ-दहा दिवस झाकणाखाली फडफडून आपल्या आयुष्यानं मेला. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. या दोन्ही गोष्टी एकदम वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं.

पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा मोहोडबाबूंनी मला बोलावलं आणि एक यादी पुढं केली. "सही करा. बारा गावं. गाडी दिवाळीनंतर निघन, पण अहवाल आता पाठवा लागते."

यादीचं शीर्षक होतं 'चलचित्र दाखविलेली गावे'. सातव्या क्रमांकावर जाईआत्याचं गाव होतं. समोर तारीख होती, वेळ होती, आणि उपस्थिती एकशे चाळीस.

"इथं दाखवलं नाही अजून," मी म्हणाले.

"माहीत हाय."

"मग हे खोडा."

"मॅडम, खोडलं तं बाराचे अकरा होतील. अकरा कसे पाठवू?"

"दिवाळीनंतर गाडी निघाली की या गावात जाईल ना?"

मोहोडबाबू चांगले गृहस्थ आहेत. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "झालेल्या गावात गाडी दुसऱ्यांदा कशी जाईन?"

मी पेन खाली ठेवलं. "मी सही करणार नाही," मी म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले. त्यांनी यादी उचलली आणि सहीच्या जागी 'बाई रजेवर' असं लिहिलं.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचं खोटं खरं करून दाखवावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण: 'आत्याच्या गावी अळी दाखविणे'. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, 'अळी' या शब्दावर पेन टेकवलं, आणि सही केली.

पहाटे अंघोळ करून पंचशील घेतलं. दोन मिनिटं. मग डबा घासून पुसला. कुणाचा डबा रिकामा परत देऊ नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यात साखर भरली, वरून पेनड्राइव्ह एका छोट्या पिशवीत घालून ठेवला, आणि भोकं पाडलेलं झाकण साखर सांडू नये म्हणून फडक्यानं बांधलं. लॅपटॉपची पिशवी घेतली. पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता. चौदा इंचांत जेवढं गाव मावेल तेवढं एका वेळी, मग पुढचं. असं केलं तर एकशे चाळीसला किती वेळ लागेल याचा हिशोब मी केला नाही.

बाहेर आले तर यांनी दारात एक पांढरी चादर घडी करून ठेवली होती. "खिडकीले लावजो," हे म्हणाले. "उजेडात दिसत नाई ते." मजकूर त्यांनी वाचला होता म्हणजे. जिन्यात बेबीताई उभ्या होत्या. त्यांनी पोळ्याच्या करंज्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि कधी नव्हे ते कुठलाही सल्ला दिला नाही.

बसमध्ये गर्दी होती. मी दोघांच्या बाकावर तिसरी बसले, मांडीवर डबा. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता फडक्यात बांधलेला, भोकांचा डबा पाहिला.

"काय हाय वं बाई डब्यात?"

"साखर," मी म्हणाले, "आणि बोंडअळी."

बाकावरच्या दोघीही उठल्या. मी खिडकीशी सरकले, लॅपटॉप शेजारी ठेवला, डबा दोन्ही हातांनी धरला. गाडी फलाटातून मागं सरली, वळली आणि अंजनगावच्या रस्त्याला लागली. पोळ्याला दोन दिवस होते.